वहीत न आलेलं पान

ईरा, निहार,

मागच्या सुट्टीत ईराला माझ्या कपाटात एक लांब वही सापडली होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ, डावीकडे ‘प्रमाण’, उजवीकडे ‘कृती’, आणि अक्षर माझं. ‘भिजवलेले सातू ११० ग्रॅम, गाजर ४५ ग्रॅम, मीठ नाही’ असं वाचून ती म्हणाली, “आजी, तू हे खायचीस? बिचारी!” मी हसून वही मिटली. परवा फोनवर तिनं पुन्हा विचारलं. उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

ती वही मी समोरच्या दारातल्या आजोबांसाठी लिहिली. तुम्ही लहानपणी त्यांना ‘मोजमाप आजोबा’ म्हणायचात. मीही इथे तेच नाव वापरते. खरं नाव लिहायचं तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल, आणि ती मागायला मला तोंड नाही.

निहार, तुला त्यांनी एकदा चॉकलेट दिलं होतं. आधी ते सुरीनं मधोमध कापलं, मग दोन्ही अर्धे वजनाच्या काट्यावर ठेवले, मग एका अर्ध्याची कड खरवडून दोन्ही सारखे केले आणि तुम्हा दोघांच्या हातावर एकेक ठेवला. खरवडलेला चुरा कागदात बांधून कपाटात गेला. तू मला विचारलंस, “आजी, ते दुकानदार आहेत का?”

ते दुकानदार नव्हते. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्यांनी उभी नोकरी वजनं करण्यात घालवली. निवृत्त होताना कारखान्यातला एक जुना, काचेच्या पेटीतला काटा भंगारात निघाला होता, तो ते मागून घेऊन आले. तो त्यांच्या स्वयंपाकघरात देव्हाऱ्याला लागून असे. घरी आलेल्या माणसाला आधी कशाला हात जोडावेत ते कळत नसे. चहाची पूड, भिजवायचे हरभरे, अंगाचा साबण, सगळं त्या काट्यावरून जाई. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वजन. दुधात ते एक काचेची नळी सोडून बघत. दूधवाला मला जिन्यात म्हणायचा, “मॅडम, ये साहब दूध लेते हैं कि दूध का एग्ज़ाम लेते हैं?” जेवताना प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून खात, आणि मोजणी चुकू नये म्हणून डाव्या हाताची बोटं टेबलाखाली आपटत. त्यांच्या घरी जेवायला बसलं की टेबलाखालून सतत टकटक ऐकू येई.

“अंदाजानं माणसं मरतात, टीचर,” असं ते नेहमी म्हणत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे सगळी सोसायटी मला टीचरच म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग त्यांनी कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेले तीन फोटो दाखवले. तिघं त्यांच्याच खात्यातले सोबती. तिघांपैकी एकानंही साठी पाहिली नाही. “तिघंही ‘चालतंय’ म्हणणारे होते,” ते म्हणाले. “हातमोजे नाहीत? चालतंय. नमुना मोजला नाही? चालतंय. जेवायच्या आधी हात धुतले नाहीत? चालतंय.” मग त्यांनी कपाट लावलं. ते तिघं त्यामुळेच गेले की कशामुळे, मला माहीत नाही. त्यांना मात्र खात्री होती, आणि चौथा नंबर आपला लागू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

वहीत जे उतरवलं ते ज्या पुस्तकातून, ते पुस्तक त्यांनी किलोवर घेतलं. पालघरला एका हॉलमध्ये जुन्या इंग्रजी पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं आणि तिथं पुस्तकं वजनावर मिळत होती. हे कळल्यावर ते गेले नसते तरच नवल. जगात जिथं जिथं माणसं शंभरीपर्यंत जगतात, तिथले पिढ्यान्‌पिढ्यांचे पदार्थ त्यात दिले होते. जपानमधलं एक बेट, ग्रीसमधलं एक, इटलीतली डोंगरातली गावं. त्यांना आकडे आणि रसायनांची नावं वाचता येत, पण स्वयंपाकाचं इंग्रजी वाचता येत नसे. म्हणून रोज साडेचारला ते पुस्तक, वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मी वाचायचे, मराठीत लिहायचे. मला तरी दुसरं काय काम होतं? तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. टापटिपीनं लिहायला काहीतरी मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

पहिल्याच दिवशी ‘चिमूटभर’ आलं.

“कोणाची चिमूट?” त्यांनी विचारलं.

त्यांनी माझी चिमूट तोलली, स्वतःची तोलली, मग घरी जाऊन बायकोची तोलून आले. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही वजनं आहेत. वहिनींची माझ्या दुप्पट. वहिनी त्यांच्या मागोमाग माझ्या दारात आल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “टीचरबाय, माझी चिमूट खाडीकाठची हाय. ती पुस्तकात मावायची नाय.”

वहिनी तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावातल्या. त्यांच्या बोलण्यातली खाडी इतक्या वर्षांत आटली नव्हती. नवऱ्याच्या काट्यावर त्या दिवसातून चारदा तरी तोंडसुख घेत. “अवो, मला खायला घालताय का माझी तपासनी करताय?” सोयाबीन दळून, त्याचं दूध फाडून, फडक्यात बांधून दोन दिवस जे काही त्यांनी बनवलं, ते चाखून त्या म्हणाल्या, “ह्याला चव यायला काय घालायचं ते बी लिवलंय का?” ग्रीसच्या बेटावर रानातला पाला खातात हे कळल्यावर ते पावसाळ्यात बोईसरच्या बाजारात शेवळं, म्हणजे पावसात उगवणारी रानभाजी, आणायला गेले. डोंगरातून आलेल्या बाईला त्यांनी जुडी किती ग्रॅमची ते विचारलं. ती म्हणाली, “जुडी हाय बाबा. जुडी म्हंजे जुडी.” त्यांनी पाच जुड्या घेतल्या, घरी तोलल्या, आणि पाचही वेगवेगळ्या भरल्या म्हणून दिवसभर बेचैन होते.

वहिनींची आई नव्वदीच्या पुढची. नेमकं वय कोणालाच माहीत नाही. तोंडात दात नाही, पण अजून अंगणात बसून सुकी मांदेली निवडते. मांदेली म्हणजे बोटभर लांबीची, चपटी, सोनेरी मासळी. ती तिकडे उन्हात वाळवतात आणि पावसाळाभर भाजून तांदळाच्या भाकरीबरोबर खातात. वहिनी म्हणायच्या, “शंभर वर्सं जगायचं तर माझ्या आयला इचारा की! जपानला कशाला जाता?”

“एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत,” ते म्हणायचे.

आता त्या पानाविषयी.

पुस्तकातलं सगळंच मी उतरवलं नाही. त्यांना फक्त प्रमाण आणि कृती हवी होती, त्यामुळे गावांची आणि माणसांची वर्णनं मी त्यांच्या संमतीनं गाळली. एक पान मात्र मी त्यांना न सांगता गाळलं. त्यावर चित्र नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या जपानी बेटावरच्या म्हाताऱ्या बायका बोटभर लांबीचे मासे उन्हात सुकवतात आणि नव्वदीनंतरही रोज मूठभर भाजून खातात, असं त्यावर होतं. मी शाकाहारी. त्यांचं दार माझ्या दारासमोर, जिना एकच. सुकी मासळी भाजल्याचा वास मला सहन होत नसे. पूर्वी एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोणाचं नाव न घेता, मीच तो विषय काढला होता. तेव्हापासून मी पेन्शनच्या कामाला पालघरला गेले की मगच वहिनी मांदेली भाजत आणि मी यायच्या आत सगळ्या खिडक्या उघडून ठेवत. हे मला माहीत होतं. मी त्याला समजूतदारपणा म्हणत असे, आणि तो आम्हा दोघींचा आहे असं मला वाटे.

तर ते पान मी उलटलं आणि पुढचं, रताळ्याचं, लिहायला घेतलं. पाच सेकंदांचं काम.

वही भरल्यावर त्यांच्या घरात वहीत नसलेलं काहीही शिजेनासं झालं. वहिनींच्या आईकडून आलेली पुडकी मोलकरणीला जाऊ लागली. वहिनी दोन-चार महिने भांडल्या, मग थट्टेवर आल्या, मग त्यांनी तो विषयच सोडला.

दुसऱ्या वर्षी वहिनींच्या पोटात गाठ निघाली. मुंबईला दाखवलं तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेली आहे असं कळलं. आपल्या बोईसरच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “आता पथ्य वगैरे काही नको. त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या.” घरी येताना जिन्यात मोजमाप आजोबांनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाले, “बघितलंत? डॉक्टरसुद्धा ‘चालतंय’ म्हणायला लागले.”

त्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. त्यांच्या मते गाठ आली ती वहीच्या आधीच्या तीस वर्षांच्या अंदाजामुळे, आणि आता एक ग्रॅमही इकडेतिकडे न होऊ देता ती उलटवता येणार होती. रोज सकाळी ते वहिनींना हाताला धरून वजनाच्या यंत्रावर उभं करत. वहीच्या मागच्या बाजूनं ते आकडे आहेत. त्रेपन्न किलोपासून सुरू होतात. ईरा, ती पानं तू पाहिली नाहीस ते बरं झालं. सातूची पेज, उकडलेलं रताळं, मीठ न घातलेली वालाची उसळ. वहिनी दोन घास घेऊन तोंड फिरवत. ते चमचा हातात धरून वाट बघत. ओरडत कधीच नसत. पेज निवली की गरम करत, पुन्हा तोलत, कारण गरम करताना पाणी उडून वजन कमी होतं. पुन्हा चमचा धरत. कधीकधी तासभर.

एका दुपारी ते सातू आणायला पालघरला गेले होते आणि मी वहिनींजवळ बसले होते. वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“टीचरबाय, एक काम कराल?”

“सांगा ना.”

“त्या वहीत एक पान लिवा. सुक्या मांदेलीचं. ते कोनाचं ऐकत नाय, पन वहीचं ऐकतात. माझ्या जिभेला दुसरं काय लागतच नाय हो. नुसतं एकदा.”

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, “वहिनी, पुस्तकात नाही ते मी कसं लिहू?”

त्या म्हणाल्या, “बरं बाय. खरंच हाय. तुमी शिकलेल्या, तुमी खोटं नाय लिवनार.”

मी तेव्हाही सांगू शकले असते. पण मग ते पान आधी का गाळलं, हेही सांगावं लागलं असतं.

चार दिवसांनी वहिनींची आई आली. रिक्षानं, एकटी, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घरूनच भाजून आणलेली मांदेली. जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. मी पाणी घेऊन गेले म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

मोजमाप आजोबांनी पुडकं तिच्या हातातून घेतलं, काट्यावर ठेवलं, वजन वहीत लिहिलं, आणि पुडकं परत तिच्या हातात दिलं.

“आये, हे तिला चालणार नाही.”

“जावयबापू,” म्हातारी म्हणाली, “पोरगी मरतेय माझी. मरनाऱ्याला कसला पथ्य?”

“मरत नाही. मी मरू देणार नाही.”

“तुमी कोन ठरवनारे? भाजून आनलीय. काटा बी काढलाय. नखाएवढा तुकडा देते, जिभेवर ठेवायला.”

ते थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यामुळे मला ते स्पष्ट दिसलं: त्यांना द्यायचं होतं. हात पुढे आला होता. पण मोजलेल्या, लिहिलेल्या कशाचा तरी आधार असल्याशिवाय तो हात आणखी पुढे जाणार नव्हता. ते माझ्याकडे वळले.

“टीचर, पुस्तकात सुकी मासळी आहे का?”

वहिनींनी उशीवर मान वळवली. त्यांनाही ऐकायचं होतं.

“वहीत नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पुस्तकाचं विचारलं होतं आणि मी वहीचं उत्तर दिलं. एरवी असला फरक त्यांनी लगेच पकडला असता. त्या दिवशी पकडला नाही. त्यांनी मान हलवली आणि पेज गरम करायला आत गेले.

म्हातारीनं पुडकं कनवटीला खोचलं, खाटेच्या कडेवर बसली आणि आपला उजवा हात, ज्या हातानं तिनं मांदेली भाजली आणि निवडली होती तो, लेकीच्या नाकाशी धरला. वहिनींनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी तो हात धरून त्या वास घेत राहिल्या, पोर अंगावर पिते तशा. मी पाण्याचा तांब्या तिथंच ठेवून घरी आले.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. वहीतली शेवटची नोंद मोजमाप आजोबांच्या अक्षरात आहे: ‘पेज ६० ग्रॅम दिली, ५२ उरली.’

दीड महिन्यानं, साडेचारला, दाराची बेल वाजली. पुस्तक, वही, टोक केलेली पेन्सिल. ते खूप वाळले होते, पण शर्ट इस्त्रीचा होता. “टीचर, पहिल्या पानापासून वाचा,” ते म्हणाले. “वर्णनंसुद्धा. एक शब्द सोडू नका. कुठंतरी माझी चूक झाली आहे, ती मला सापडली पाहिजे.”

सहा दिवस मी वाचत होते. प्रत्येक पदार्थ आला की ते वहीत ताडून बघत, पेन्सिलनं खूण करत. पुढचं पान कोणतं आहे हे मला माहीत होतं. सातव्या दिवशी ते आलं. मी पुन्हा उलटू शकले असते. ते समोर बसून वहीत बघत होते, त्यांना कळलं नसतं. मी वाचलं.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. बोटभर लांबीचे मासे. उन्हात सुकवलेले. रोज मूठभर. नव्वदीनंतरही.

त्यांनी वहीची चार पानं मागे उलटली, चार पुढे. टेबलाखाली बोटं आपटायला लागली आणि थांबली.

“हे वहीत नाही.”

“नाही.”

“अंदाजानं सोडलंत, टीचर?”

“नाही,” मी म्हणाले. “वासासाठी.”

त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते उठले, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, पेन्सिल खिशाला लावली आणि गेले. पुस्तक आणि वही माझ्याच टेबलावर राहिली. तेव्हापासून ती माझ्या कपाटात आहेत. त्यानंतर ते साडेचारला कधी आले नाहीत.

वहिनींची आई मात्र अजून येते. महिन्यातून दोनदा, रविवारी, रिक्षानं, जावयासाठी पुडकं घेऊन. “लेक गेली, पन जावय हाय ना,” म्हणते. ती आली की ते मांदेली भाजतात. त्यांचा काटा आता पांघरूण घालून कोपऱ्यात ठेवलेला आहे, हे मी दार उघडं असताना पाहिलं आहे. भाजण्याआधी ते अजूनही माझ्यासाठी दार लावून घेतात आणि मागच्या खिडक्या उघडतात. मी माझं दार हल्ली उघडं ठेवते. त्यांना ते माहीत नसावं.

गेल्या रविवारी म्हातारीला जिन्यातच धाप लागली, म्हणून ती माझ्या उंबऱ्यावर बसली. पिशवीतून तिनं सहा ताडगोळे काढले. “तुमी मासली नाय खात, म्हाईत हाय. हे घ्या.” मी घेतले. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली,

“टीचरबाय, एक इचारू? खरं सांगा. त्या पुस्तकात आमची मांदेली व्हती का वो?”

माझ्या हातात ताडगोळे होते. ती पुढे म्हणाली, “खाल्ली असती तर पोर राहिली असती, असं नाय म्हनत मी. पन खाऊन गेली असती.”

मी तोंड उघडलं. समोरचं दार आधीच उघडलेलं होतं आणि ते चौकटीत उभे होते, सासूच्या हातातली पिशवी घ्यायला आलेले. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं दुधाबद्दलसुद्धा सैल शब्द वापरला नाही, ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

“नव्हती, आये.”

“नव्हती? मंग बरं,” म्हातारी म्हणाली आणि त्यांचा हात धरून उठली. “मंग कोनाचा दोष नाय.”

ते तिला आत घेऊन गेले. दार लागलं. मागच्या खिडक्या उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं भाजल्याचा वास जिन्यात आला.